पंक्चर कोण काढणार?

वाशिम जिल्ह्यात सायकल चालवायची म्हणजे बाभळीच्या काट्याशी गाठ! काटा टायरमध्ये कधी घुसतो ते कळतही नाही. मग होस्टेलच्या स्टँडला लावलेली सायकल तिथंच राहते. फायनलची पोरं पास होऊन जातात, सायकली गंजतात आणि फर्स्ट इयरवाले गेटवर ऑटोची वाट बघतात.

सायकलला हवेचा टायर १८८८ मध्ये जॉन डनलॉपने आणला. तो इंजिनिअर नव्हता, बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर होता! पोराच्या तीनचाकीला गचके बसू नयेत म्हणून त्याने हा उद्योग केला. आपण मात्र थर्मोडायनॅमिक्स शिकूनही पंक्चरचं दुकान शोधत फिरतो.

काम तसं सोपं आहे. ट्यूब पाण्यात बुडवा, बुडबुडे दिसतील. जागा कोरडी करून घासा, सोल्युशन लावा, जरा वाळू द्या, मग पॅच दाबा. टायरच्या आतून जपून बोट फिरवा. काटा आतच राहिला तर पॅच काय करणार? आणि हवा कमी ठेवू नका. खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटते, शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

म्हणून नवीन शेडआधी होस्टेलला एक पंप, चार पाने आणि पॅचचा डबा हवा. रेक्टर सरांनी बेवारस सायकलींची यादी नोटीस बोर्डवर लावावी. महिनाभरात मालक आला नाही, तर दुरुस्त करील त्याची सायकल! बघा, किती हात पुढे येतात ते.