सुटीतला बोलपट

दिवाळीच्या सुटीत मुलांस जुना बोलपट दाखवावयाचा, तर तो ‘श्यामची आई’च, असा आमच्या नांदेड-लातुराकडील सुशिक्षित घरांत जणू नेमच होऊन बसला आहे. अत्रे यांच्या या १९५३ च्या कृतीस १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. तिची थोरवी आम्हांस मान्यच. परंतु १९५२ मध्ये राजा परांजपे यांनी दिलेल्या ‘लाखाची गोष्ट’ व ‘पेडगावचे शहाणे’ यांची नावेही आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक नसावीत काय? महिन्यात लाख रुपये खर्चून दाखविण्याची अट घालून पैशाची थट्टा करणारी कथा हलकी, आणि डोळ्यांत पाणी आणील तीच उच्च, हा न्याय कोठला? भरतमुनींनी तर रसांच्या गणनेत हास्यास करुणाच्या आधी स्थान दिले. गतवर्षी ‘लाखाची गोष्ट’ लावला, तेव्हा एक स्नेही म्हणाले, “अहो, मुले घरात आहेत, काही चांगले लावा!”