झाडाचे मूल

फ्रेंचमध्ये 'दसू' म्हणजे वर. आणि 'दसू' म्हणजेच खाली. देवनागरीत लिहिले तर दोन्ही शब्द सारखे दिसतात, आणि माझ्या कानाला ते कित्येक महिने सारखेच ऐकू आले. ऑनलाइन वर्गात बाई विचारायच्या, पुस्तक टेबलाच्या वर आहे की खाली? मी मोठ्या विश्वासाने 'वर' म्हणायचे आणि पुस्तक दर वेळी खाली जायचे.

मुलीने अकरावीला फ्रेंच घेतले. कारण सगळे सांगतात तेच: मार्क मिळतात. उर्दू आणि मराठी शिकवून ज्या घराची चूल पेटते, त्या घरात दोन्ही सोडून तिसरीच भाषा यावी याचे वाईट वाटले, खोटे का बोलू? मग ठरवले, रुसून बसण्यापेक्षा आपणही शिकू. पंचेचाळिशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले.

सुरुवातीला वाटले, आपल्याला हे सोपे जाणार. पॅरिस हे आपण इंग्रजीकडून घेतलेले रूप. तिथले लोक शेवटचा स खातात आणि र घशातून काढतात, साधारण 'पाग़ी'. वर्गातले इतर लोक हा र काढताना गुळण्या केल्यासारखे करत होते. मला तो उर्दूतल्या ग़ैनच्या शेजारीच सापडला. 'बोंझूर'मधल्या मऊ झसाठी उर्दू लिपीत तीन नुक्त्यांचे वेगळे अक्षरच आहे. नाकातले स्वर म्हणाल तर ज्याने लहानपणापासून 'माँ' आणि 'हूँ' म्हटले, त्याला नूनगुन्ना काय शिकवायचा?

या नाकातल्या स्वरांच्या सरावासाठी फ्रेंच शिकवणारे एक ठरलेले वाक्य देतात, 'अँ बों वँ ब्लाँ'. चारही स्वर एका ओळीत. फजरनंतर कणीक मळता मळता मी ते आठवडाभर घोकले. मग मुलीने अर्थ सांगितला: एक चांगली पांढरी वाइन. नवऱ्याच्या हातातला चहा सांडला. शेवटी मुलीनेच तोडगा काढला, 'वँ'च्या जागी 'पँ' म्हण अम्मी, म्हणजे पाव. स्वर तोच आहे. तेव्हापासून आमच्या घरात चांगला पांढरा पाव असतो. आपला 'पाव' हा शब्दही पोर्तुगिजांकडून आलेला, आणि त्यांच्या शब्दातही नाकातला स्वर आहे. मराठीत येताना तो दारातच राहिला.

असे का होते? निकोलाय त्रुबेत्स्कॉय या रशियन भाषाशास्त्रज्ञाचे ध्वनिविचारावरचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९३९मध्ये निघाले. त्यात तो म्हणतो की मातृभाषा ही एक चाळणी असते. परक्या भाषेचे आवाज आपण त्या चाळणीतूनच ऐकतो. १९८४मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात केलेला प्रयोग तर आपल्या अगदी जवळचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या त आणि ट यांच्यातला फरक कळत होता. वर्ष भरायच्या सुमारास त्यांतल्या बहुतेकांना तो कळेनासा झाला. म्हणजे चाळणी पहिल्या वाढदिवसाच्या आधीच विणून होते. माझे 'वर' खाली जात होते त्यात आळस नव्हता आणि बुद्धीचाही दोष नव्हता.

हे वाचले आणि एक मुलगा आठवला.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीचा वर्ग, उर्दू माध्यम, मराठीचा तास. तो उभा राहून वाचत होता, "झाडाचे मूल जमिनीत असते." पुस्तकात 'मूळ' होते. वर्ग हसला. हसला तर हसला, मीही हसले. वर म्हणाले, "झाडाला मूल झालं का रे?" त्यानंतर वर्षभर त्याने वर्गात मोठ्याने वाचले नाही. मी वहीवर 'उच्चार सुधारावेत' असा शेरा मारत राहिले. बीएडला पाठ टाचणात हेच उद्दिष्ट म्हणून कितीदा लिहिले असेल! ते सुधारायचे कसे, जीभ नेमकी कुठे न्यायची, हे मला कुणी विचारले नाही आणि मीही त्याला सांगितले नाही.

कोकणातल्या आपल्या मुलांच्या तोंडी ळ घरूनच येतो. दख्खनी उर्दूच्या घरातल्या मुलाला तो कुठून मिळणार? आणि मी तरी कोण मोठी लागून गेले? माझ्या स्वतःच्या तोंडून क़लमचा 'ख़लम' व्हायचा आणि त्यावर उत्तरेकडच्या मैत्रिणी हसायच्या. ते मला आजही लागते. तरी मी हसले.

लाज याची वाटते की उत्तर माझ्याकडे दोन्ही बाजूंनी होते. मक्तबमध्ये उस्तादांनी कायदा शिकवताना प्रत्येक हर्फ़ाचा मख़रज दाखवला होता: हा घशाच्या तळातून, हा मधून, हा वरच्या टोकातून, इथे जीभ दाताला लाव. तजवीदच्या प्रचलित गणतीत असे सतरा मख़रज आहेत. दुसरीकडे मराठीची वर्णमालाही तोंडाचा नकाशाच आहे. कंठापासून निघायचे, टाळू, मूर्धा, दात करत ओठांवर यायचे. फळ्यावर तो नकाशा टांगून मी रस्ता चुकलेल्या पोराला हसत होते.

फ्रेंचच्या बाईंनी मला 'ऐका आणि म्हणा' एवढेच सांगितले असते तर मी अजून तिथेच असते. त्यांनी सांगितले, 'ई' म्हणा, जीभ हलवू नका, फक्त ओठ 'ऊ'सारखे गोल करा. 'वर'मधला स्वर तो. 'खाली'मधला आपला साधा ऊ. नवीन आवाजापर्यंत ओळखीच्या आवाजाचा हात धरून जायचे.

तसा ळ का नाही? 'लड़का' म्हणताना ड़साठी जीभ वर वळते ना, तिथेच तिला टेकवून धरायचे आणि हवा दोन्ही बाजूंनी सोडत ल म्हणायचा. ण तर उर्दू बोलणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडात आधीपासून आहे. 'अंडा' म्हणा आणि ड यायच्या आधी थांबा. जीभ जिथे आहे, तो ण.

या जूनमध्ये मी सहावीचा पहिला तास असाच घेतला. पन्नास पोरे अर्धा अंडा म्हणत होती. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. 'पानी' म्हणणाऱ्या दोघी-तिघींच्या तोंडून पहिल्याच दिवशी 'पाणी' आले. बाकीच्यांना महिना लागेल, काहींना वर्ष. ळ अजून अडतो आहे. पण वाचायला उभे राहायला कुणी नाही म्हणत नाही.

तो मुलगा आता बारावीत असेल. दुसऱ्या कॉलेजात गेला. भेटला तर काय बोलायचे, हे मी दोन्ही भाषांत ठरवून ठेवले आहे.

माझे 'वर' दहातून सहा वेळा वर जाते. उरलेल्या चार वेळा मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडते, "अम्मी, ओठ! शिट्टी वाजवतेस तसे!"