दोन अर्जुनी आणि तीन पाने

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक सडक अर्जुनी, दुसरी अर्जुनी मोरगाव. दोन्ही तालुक्याची गावे. पत्त्यावर नुसते ‘अर्जुनी’ लिहिले, की माल कुठे उतरेल हे ट्रकवाल्याच्या नशिबावर. आमच्या गोरेगावचे नाव मुंबईच्या उपनगरालाही आहे. खुद्द गोंदिया इंग्रजीत कुणी ‘वाय’ घालून लिहितो, कुणी न घालता. १ मे १९९९ रोजी जिल्हा वेगळा झाला, तरी जुन्या कागदांवर ‘जिल्हा भंडारा’ आहेच. माणूस हे सारे समजून घेतो. संगणकाच्या लेखी मात्र ही वेगवेगळी गावे ठरतात.

बँकेत असताना एका राइस मिलची खतावणी पाहण्याचा प्रसंग आला होता. एकच व्यापारी तीन पानांवर होता: एकदा दुकानाच्या नावाने, एकदा आडनावाने, एकदा ‘देवरीवाले शेठ’ म्हणून. प्रत्येक पानावरची उधारी किरकोळ, म्हणून कुणी हटकले नाही. शेठ बुडाले तेव्हा तिन्ही पानांची बेरीज झाली. त्या हंगामात मिलच्या हमालांची मजुरी थकली. खरे सांगायचे तर, मिलचे कर्ज मंजूर करताना मीही ती तीन माणसेच धरली होती.

याच दुखण्यावरच्या इलाजाला आज ‘मास्टर डेटा मॅनेजमेंट’ म्हणतात. नाव भारदस्त, गोष्ट साधी. प्रत्येक ग्राहकाची, पुरवठादाराची, मालाची एकच पक्की नोंद ठेवायची आणि विक्री, गोदाम, हिशेब या सगळ्यांनी तीच वापरायची. नवे नाव चढवण्याआधी ते आधीच आहे का, हे बघण्याची जबाबदारी एका माणसावर टाकायची.

फायदा रोकडा आहे. कुणाकडे एकूण किती अडकले ते दिसते. एकच तांदूळ दोन नावांनी नोंदल्यामुळे गोदामात असताना पुन्हा खरेदी होत नाही. २०१७ पासून जीएसटी आला. त्या पंधरा अक्षरी क्रमांकात एक आकडा चुकला, तर घेणाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळताना अडते. पूर्वी चूक खोडून चालत असे, आता तिची किंमत मोजावी लागते.

कुणी म्हणेल, पूर्वी कुठे होते हे सारे? होते की! मुनीमजींच्या डोक्यात होते. देवरीवाले शेठ म्हणजे कोण, हे त्यांना पाठ असे. पण मुनीमजी घरी बसले की ते ज्ञानही घरी जाई. आता त्यांच्या जागी लोक महागडा संगणक आणतात आणि जुना गोंधळ तसाच त्यात भरतात. मग तोच गोंधळ अधिक वेगाने बाहेर पडतो. आधी शिस्त, मग यंत्र, हा क्रम उलटून चालत नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत एका माणसाची तीन रूपे असली तर वाचक खूश होतो. खतावणीत तशी असली, तर किंमत हमाल मोजतो. म्हणून दुकानदार मित्रांनो, यंदा लक्ष्मीपूजनाला वहीवर हळदकुंकू वाहण्याआधी एक दुपार काढा आणि वहीतली नावे जुळवून घ्या. लक्ष्मी यायची तर तिलाही पत्ता एकच हवा.