रुमाल सुटले, वाचन बांधूनच राहिले

जुने दप्तर स्कॅन होऊन संगणकात गेले, तेव्हा आता मोडी वाचणाऱ्यांची गरज संपली, असे आपल्या आष्टी तालुक्यातील एका जबाबदार गृहस्थांनी या आठवड्यात चारचौघांत निःशंकपणे सांगितले. या विषयावरील माझा आग्रह वाचकांना ठाऊक असल्यामुळे ते वाक्य माझ्यापर्यंत तत्काळ पोहोचलेही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. शिंदे समितीच्या निमित्ताने गावोगावचे दप्तराचे रुमाल सुटले आणि मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची कशी शोधाशोध झाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ती निकड इतक्या लवकर कशी विसरली जाते, याचा मला मनस्वी खेद होतो.

मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या प्राचीन लिपीची हकीकत या संदर्भात मला फार उद्बोधक वाटते. दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने १५६२ मध्ये मानी या गावी त्यांच्या पोथ्यांची होळी केली, आज जगात अवघ्या चार पोथ्या उरल्या आहेत, आणि ती लिपी परंपरेने वाचणारा एकही मनुष्य पुढे शिल्लक राहिला नाही. माया लिपीचे अभ्यासक एरिक थॉम्पसन यांनी १९६२ मध्ये तिच्या चिन्हांची क्रमवार सूची प्रसिद्ध केली. परंतु ही चिन्हे उच्चारदर्शकही आहेत, हे रशियन पंडित युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्येच मांडलेले मत थॉम्पसन यांनी अखेरपर्यंत अमान्य केले. पुढे क्नोरोझोव्ह यांचाच मार्ग खरा ठरला. मान्य वाचन असे बदलू शकते, म्हणून २०१४ पासून जर्मनीतील बॉन विद्यापीठात जो संगणकीय कोश उभा राहत आहे, त्यात केवळ शिलालेखांची चित्रे साठवून कोणी स्वस्थ बसलेले नाही. प्रत्येक चिन्हाला क्रमांक, त्याची निरनिराळी वळणे, ते कोणकोणत्या लेखांत आले, कोणत्या अभ्यासकाने ते कसे वाचले आणि ते वाचन कितपत भरवशाचे, इतक्या बाबींची तेथे नोंद होते. उद्या एखादे वाचन बदलले, तर ते चिन्ह जेथे जेथे आले आहे ते सर्व लेख पुन्हा तपासता येतात. जिचे वाचक शतकांपूर्वी नाहीसे झाले, त्या लिपीतील शंकासुद्धा जतन होते. आणि जी लिपी आपले आजोबा-पणजोबा रोजच्या व्यवहारात सहज लिहीत होते, तिचे निश्चित झालेले वाचनही आपल्याकडे टिकत नाही.

मोडीचा कागद एकदा जवळून पाहावा. लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतो आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जातो. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि 'रा।' म्हणजे राजश्री की राहणार, 'ता।' म्हणजे तालुका, तारीख की तागायत, हे मागचापुढचा मजकूर जुळवूनच ठरवावे लागते. त्यातून आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली, म्हणजे वरच्या कचेरीचे दप्तर उर्दूत आणि गावच्या कुळकर्ण्याचे मोडीत. असा कागद कोणी जाणता मनुष्य मोठ्या कष्टाने वाचतो, पेन्सिलीने देवनागरी उतारा करून देतो, अर्जदाराचे काम भागते आणि तो उतारा कोठे जातो ते कोणालाच कळत नाही. पुढच्या वाचकाला पहिल्या अक्षरापासून आरंभ करावा लागतो.

साधने नाहीत, ही सबब आता चालणार नाही. २०१४ मध्येच युनिकोडने मोडीला स्वतंत्र स्थान दिले आहे. रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२५ मध्ये शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडी कागदांची २,०४३ चित्रे त्यांच्या देवनागरी लिप्यंतरासह संगणकापुढे ठेवली, आणि त्यांचे यंत्र त्यांवरूनच मोडी शिकते. म्हणजे ज्या यंत्राच्या भरवशावर मोडीवाचकाला निरोप द्यायचा, त्याचा गुरुही अखेर मोडीवाचकच.

मोडी शाळांतून गेली ही आपल्या शिक्षणातील मोठी हानी आहे, हे मी पुनःपुन्हा लिहीत आलो आहे. जमिनीचे निम्मे तंटे केवळ जुना कागद कोणाला वाचता न आल्यामुळे चिघळतात, अशी माझी दृढ समजूत आहे. तिला आकड्यांचा पुरावा मागाल तर तो मजपाशी नाही. तथापि मराठवाड्यातील प्रत्येक तलाठ्याला मोडीची परीक्षा सक्तीची करावी, आणि ते होईतो निदान प्रत्येक स्कॅनशेजारी देवनागरी उतारा, वाचणाऱ्याचे नाव आणि संशयित जागा नोंदवण्याचा हुकूम काढावा. पेन्सिलीने केलेले जे उतारे आज लोकांच्या घरी पडून आहेत, ते गोळा करण्यापासून या कामाला आरंभ करता येईल.

— दप्तरी, आष्टी