आहेस ना गं आत?

जानेवारीतली सकाळ. पुण्यातला आमचा भाड्याचा फ्लॅट, तीन मुली आणि बाथरूम एकच. म्हणजे रोजचं महायुद्ध! त्या दिवशी पहिला नंबर रूममेटचा. पंधरा मिनिटं झाली तरी बाई बाहेर येईनात. नेहमीसारखं मी दार बडवलं, "अगं, आटप की! नऊला प्रेझेंटेशन आहे ना तुझं?" आतून उत्तर नाही. नुसता पाण्याचा आवाज.

दोघींनी धक्के मारून कडी तोडली. ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले. गीझर बंद केला, तिला ओढत बाल्कनीत आणलं आणि 108 ला फोन लावला. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावल्यावर बऱ्याच वेळाने मॅडमचा पहिला प्रश्न : "माझं प्रेझेंटेशन?" आम्ही हसलो आणि रडलोसुद्धा.

डॉक्टरांनी विचारलं, "गॅस गीझर बाथरूममध्येच आहे?" होता. वर गार वारा येतो म्हणून खिडकीला पेपर आम्हीच चिकटवले होते. ग्रेट!

फंडा सोपा आहे. बंद जागेत गॅस जळत राहिला की ऑक्सिजन कमी पडतो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर लीक झाला तर कळतं, कारण त्यात वास मुद्दाम मिसळलेला असतो. याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पाय गळतात. आपल्याला वाटतं, रात्रीचं जागरण भोवलं! कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटरही इथे कामाचा नाही. तो फसतो आणि आकडा नॉर्मल दाखवतो.

तर मंडळी, एवढं कराच. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. धूर बाहेर नेणारा पाइप हवाच. दरवर्षी सर्व्हिसिंग करा. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, तर वापर लगेच थांबवा. गीझर आतच असेल, तर खिडकी-दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मगच आंघोळ. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं तर नकोच नको. आणि कुणाला चक्कर आलीच, तर आधी मोकळी हवा, मग थेट हॉस्पिटल.

आमचे घरमालक काका आधी म्हणाले, "अकरा महिन्यांचं तर अ‍ॅग्रीमेंट तुमचं!" मग रूममेटच्या आईचा फोन गेला. दोन दिवसांत गीझर बाल्कनीत!

दार मी अजूनही बडवते. पण आता ओरडते, "आहेस ना गं आत?" "होऽऽ" ऐकू आलं की मगच चहा टाकते.