‘सापडले नाही’ म्हणजे ‘अपात्र’ नव्हे



आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी आज एमएस-सीआयटी केलेली असतेच. बचत गट, ग्रामपंचायत, धान खरेदी केंद्र यांच्या याद्या बहुधा अशाच मुलामुलींच्या हातून संगणकावर चढतात. म्हणून आज एक्सेलमधील एका फंक्शनविषयी लिहीत आहे. त्याचे नाव व्हीलुकअप. नाव परके असले तरी काम आपल्या ओळखीचे आहे, आणि त्या कामावर गरिबाचे पैसे येणे वा न येणे अवलंबून असते.

काम असे. दोन याद्या असतात. एकीत शेतकऱ्याचे नाव, गाव व जमीन. दुसरीत खाते क्रमांक. पहिलीतील माणसासमोर दुसरीतील त्याचा खाते क्रमांक आणावयाचा. पूर्वी यासाठी दोन कारकून बसत. एकाने नाव वाचायचे, दुसऱ्याने रजिस्टरवर बोट फिरवून आकडा सांगायचा. व्हीलुकअप हे ते फिरणारे बोट होय. त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात: काय शोधायचे, कोणत्या यादीत शोधायचे, सापडल्यावर त्या ओळीतील कितवा रकाना आणायचा आणि तंतोतंत तेच हवे की जवळपासचे चालेल. ज्या रकान्यात शोधायचे तो यादीत सर्वांत डावीकडे असला पाहिजे.

घात होतो तो चौथ्या गोष्टीत. तेथे ‘फॉल्स’ किंवा शून्य लिहिले तरच ते तंतोतंत शोधते. ती जागा कोणी रिकामी सोडली की यादी क्रमाने लावलेली आहे असे ते गृहीत धरते आणि ‘जवळपासचे’ आणून ठेवते. पाणीपट्टीचे दर, गुणांच्या श्रेणी अशा टप्प्यांच्या तक्त्यांना ही सोय उपयोगाची आहे. माणसांच्या यादीला ती घातक आहे, कारण कोणतीही खूण न दाखवता शेजाऱ्याचा खाते क्रमांक तुमच्या नावापुढे येऊन बसतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये एक्सलुकअप हे नवे फंक्शन जाहीर केले. ते न सांगताही तंतोतंत शोधते व डाव्या रकान्याचे बंधनही त्याला नाही. मात्र ते जुन्या एक्सेलमध्ये मिळत नाही, आणि गावोगावच्या केंद्रांवर संगणक बहुधा जुनेच असतात.

आता नावाविषयी. इटियाडोहच्या पाण्यावर अर्जुनी मोरगावच नव्हे, तर खाली लाखांदूर, वडसा, आरमोरीपर्यंत धान पिकतो. धरण एक, पण जिल्हे तीन: गोंदिया, भंडारा व गडचिरोली. एका कार्यालयात ‘शहारे’ लिहितात, दुसऱ्यात ‘सहारे’. कोठे ‘उईके’, कोठे ‘उइके’. आधारवर ‘कुंदा’ आहे, पासबुकावर ‘कुंदाबाई’. सातबाऱ्यावर बाईच्या नावामागे बापाचे नाव आहे, बँकेत नवऱ्याचे. आपण वाचतो तेव्हा बाई एकच आहे हे कळते. संगणकाला त्या दोन दिसतात. नावानंतर चुकून एक रिकामी जागा पडली तरी त्याला नाव वेगळे वाटते. (ही जागा काढण्यास ट्रिम नावाचे फंक्शन आहे.) आणखी एक अडचण कार्यालयांत फार आहे. जुन्या याद्या कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर त्या मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरे असतात. युनिकोडमधील यादीशी त्यांचे एकही नाव जुळणार नाही, अक्षरन्‌अक्षर सारखे दिसत असले तरीही.

याच्या उलट दोष एकाच नावाच्या दोन माणसांचा. व्हीलुकअप पहिला सापडला की थांबते. समजा एका गावात एकाच नावाचे दोन मेश्राम आहेत. एकाची जमीन ०.४० हेक्टर, दुसऱ्याची १.६० हेक्टर. खरीप २०२३-२४ च्या धानासाठी राज्य सरकारने हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर रक्कम जाहीर केली होती. त्या हिशेबाने एकाला ८,००० व दुसऱ्याला ३२,००० मिळावयास हवेत. नावावरून शोधले आणि ०.४० वाला यादीत वर असला, तर दोघांपुढेही ८,००० येतील. कोठे लाल खूण नाही, काही नाही. कागद स्वच्छ दिसतो आणि एका घराचे २४,००० रुपये गेलेले असतात. इटियाडोहजवळच गोठणगाव परिसरात तिबेटी निर्वासितांची नॉरग्येलिंग वसाहत आहे. तिबेटी लोकांत आडनाव बहुधा नसते आणि ‘तेन्झिन’ हे नाव घरोघरी आढळते. तेथे नावावरून जुळवणी करू पाहणाऱ्याची काय गत होईल, याची कल्पना करावी!

तेव्हा जुळवणी क्रमांकावरून करावी, हे झाले. पण क्रमांकही आपोआप निर्दोष नसतो. २०१७ साली राज्यात छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले, बँकांनी ६६ रकान्यांत माहिती दिली आणि दोन्ही जुळवायला घेतल्या. तेव्हा एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली आणि दिवाळीच्या तोंडावर वाटप अडखळले. त्याच सुमारास गावोगावी अर्जांच्या याद्यांचे चावडीवाचन झाले होते. काहींनी त्याला नावे ठेवली, माझे मत वेगळे आहे. हा मेश्राम कोणता, तळ्याकाठचा की बाजारातला, हे चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यास जसे कळते तसे कोणत्याही संगणकास कळत नाही. पुढे महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत, जिची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली, यादीतील कर्जखात्याला विशिष्ट क्रमांक दिला गेला आणि शेतकऱ्याने स्वतः आधार पडताळून रक्कम मान्य की अमान्य ते सांगायचे ठरले. जुळवणी झाल्यावर माणसाला विचारण्याची ही पायरी मला महत्त्वाची वाटते.

क्रमांक टाइप करणाऱ्या मुलांसाठी दोन गोष्टी. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच संख्या नीट ठेवते. सोळा आकडी खाते क्रमांक संख्या म्हणून टाइप केला की शेवटचा आकडा शून्य होतो. आणि खाते क्रमांकाच्या आरंभी असलेली शून्ये गळून पडतात. म्हणून टाइप करण्यापूर्वीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, आणि दोन्ही याद्यांत करावा. एकीत टेक्स्ट व दुसरीत संख्या असेल तर तोच क्रमांक असूनही जुळत नाही. एकच क्रमांक दोनदा आला आहे का हे काउंटइफने आधी मोजावे. त्याला पाच मिनिटे लागतात.

आता मूळ मुद्दा. शोधूनही सापडले नाही की एक्सेल ‘एन/ए’ अशी खूण दाखवते. तिचा अर्थ एवढाच की या यादीत हे अक्षर वा हा आकडा मिळाला नाही. पण खूण दिसायला वाईट दिसते, साहेबांना स्वच्छ तक्ता हवा असतो, म्हणून इफएरर हे फंक्शन लावून तिच्या जागी शब्द टाकतात. कोणी तेथे शून्य टाकतो, कोणी ‘अपात्र’. येथे अन्याय होतो. ज्याचे कागद कोणी पाहिलेच नाहीत तो माणूस एका शब्दाने अपात्र ठरतो, आणि पुढच्या टेबलावर तो शब्द निर्णय म्हणून वाचला जातो. यादी करणाऱ्या आमच्या मुलामुलींनी तेथे ‘तपासावे’ लिहावे. तशा सर्व ओळी वेगळ्या कागदावर काढून गावात फिरवाव्यात. शंभरात दहा निघाले तर दहा घरी जाणे काही अवघड नाही.

आणि ज्याचे नाव यादीत नाही त्याने खिडकीवर जाऊन ‘माझे नाव का नाही’ एवढेच विचारू नये. त्याला ‘यादीत नाही’ हेच उत्तर मिळेल. ‘माझे नाव कोणत्या क्रमांकावरून जुळवले, आणि तुमच्याकडे तो क्रमांक काय लिहिला आहे तो दाखवा’ असे विचारावे. सोबत आधारची प्रत, पासबुकाचे पहिले पान, सातबारा आणि केंद्रावर माल घातल्याची पावती ठेवावी. आकडा आकड्याशी बोट लावून ताडून पाहावा. फरक दिसला तर तेथेच दोन ओळींचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच तारखेसह, शिक्क्यासह घ्यावी.