बिननावाचं सिलिंडर

गेल्या महिन्यात लातूरला जाऊन आलो. नांदेडहून एस.टी.नं लोहा, अहमदपूर, चाकूर करत पोचेपर्यंत कंबरेचा पार काटा ढिला झाला. पण नातू बारावीला, खोली घेऊन राहतो, म्हटलं बघून यावं पोरगं कसं राहतंय. सोबत आजीनं दिलेली ज्वारीची भाकरी नि शेंगदाण्याची चटणी होतीच.

खोली दहा बाय दहाची. तीन पोरं, पुस्तकांचे ढीग, एकच खिडकी, तीही दप्तरांनी झाकलेली. नि कोपऱ्यात, अभ्यासाच्या टेबलाखाली, एक छोटं लाल सिलिंडर. वरच बर्नर बसवलेला.

मी आयुष्यभर मराठी नि इतिहास शिकवला. विज्ञानाशी माझा संबंध पेपर तपासणाऱ्या सहकाऱ्यांना चहा पाजण्यापुरता. पण अक्षर दिसलं की वाचायची खोड काही जात नाही. चष्मा लावून वाकून बघितलं. कंपनीचं नाव नाही. रिकाम्या टाकीचं वजन नाही. तपासणीची तारीख नाही. कोरी पाटी!

"हे कुठून भरून आणता रे?"

"आबा, गल्लीतच एक जण भरून देतो की. किलोच्या भावानं. सगळी पोरं तिथूनच आणतेत."

मंडळी, हे 'सगळेच' मला फार छळतं. सगळेच करतात म्हणून चूक बरोबर ठरते, हे कोणत्या व्याकरणात बसतं?

आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरवर बघा. मूठ ज्या पट्ट्यांवर उभी असते, त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूला एक अक्षर नि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. त्या मुदतीपर्यंत टाकीची दाबचाचणी पुन्हा व्हायला हवी, असा त्याचा अर्थ. रिकाम्या टाकीचं वजनही तिथंच कोरलेलं असतं, म्हणजे आत गॅस किती हे काट्यावर ताडून बघता येतं. गॅस सिलिंडर नियम, २०१६ आहेत, त्यावर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची 'पेसो' ही संस्था आहे, नि तिचं मुख्यालय दिल्लीत नाही, आपल्या नागपुरात आहे. इतकं सगळं असून टेबलाखाली कोरी पाटी!

गल्लीतला तो माणूस मोठं सिलिंडर उलटं करतो, नळी जोडतो नि छोट्यात गॅस ओततो. वजन डोळ्यांनीच. एल.पी.जी. टाकीत द्रवरूप असतो. उन्हानं तो फुगतो, म्हणून टाकी कधी काठोकाठ भरत नाहीत, वर जागा राखतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ती जागा राखलेली नसेल तर काय होईल? आणि हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. माझा नातू झोपतो तो जमिनीवरच.

आता 'गरिबाची पोरं, काय करणार' असं म्हणणाऱ्यांसाठी. पाच किलोचं अधिकृत सिलिंडर मिळतं. २०१३ पासून ते पेट्रोल पंपांवरही विकायला सुरुवात झाली. इंडियन ऑइलनं २०२० मध्ये त्याला 'छोटू' असं नावही दिलं. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. मग पोरं ते का घेत नाहीत? एक तर कुणी सांगत नाही. आणि दुसरं, ते बाजारभावानं मिळतं, घरगुती दरानं नाही. आपल्या आईच्या स्वयंपाकघरात जो गॅस घरगुती, तोच परगावी शिकणाऱ्या लेकराच्या खोलीत घरगुती का नाही? हा प्रश्न मी सरकारला विचारतो आहे.

पण सगळं सरकारवर ढकलून मोकळं होणं मला जमत नाही. शिकवणीची फी भरताना आम्ही पावती नीट वाचतो. लातूर पॅटर्नचे गुण दशांशापर्यंत वाचतो. खोलीचं भाडं आगाऊ घेणारे मालक विजेचं मीटर दर महिन्याला वाचतात. टेबलाखालचं सिलिंडर मात्र कुणीच वाचत नाही. छापे पडतात, टाक्या जप्त होतात, चार दिवसांनी पुढची गल्ली. भरणारा दोषी आहेच, पण त्याच्याकडे पोराला पाठवणारे आपणच आहोत.

मी त्या दिवशी नातवाला घेऊन गेलो, नवं पाच किलोचं आणलं. पैसे जास्त गेले. जुनं परत त्या गल्लीत विकायचं नाही म्हणून त्याच्याशी तासभर भांडलो. "आबा, तुम्ही उगं घाबरता," म्हणाला. घाबरतो बाबा. म्हातारपणी दुसरं काय करायचं?

नात्यागोत्यातल्या सगळ्यांना विनंती, तुमचं लेकरू लातूरला, नांदेडला खोली करून असेल तर आज रात्री फोन करताना 'जेवलास का' एवढंच विचारू नका. 'कशावर शिजवलंस' हेही विचारा.

असो. फार बोललो.